घरभाड्याची मदत: पात्रतेचे निकष ठरवताना

घरभाड्यासाठी स्थानिक पातळीवर मदत योजना आखणाऱ्या आणि राबवणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न या वेळी घेते.

प्रश्न: उत्पन्नाची मर्यादा किती ठेवावी? आमच्या समितीत यावरून दोन तट पडले आहेत.

आकड्याआधी हेतू ठरवा. योजना गरिबांना हातभार लावण्यासाठी आहे, की राहतं घर सुटू नये म्हणून? कमी कमावणारं पण बेताच्या भाड्यात राहणारं कुटुंब कसंबसं तग धरतं. त्याहून थोडं जास्त कमावणारं, पण निम्मी कमाई भाड्यात घालणारं आणि दोन महिने थकलेलं कुटुंब पुढच्या महिन्यात सामानासकट बाहेर असू शकतं. नुसतं उत्पन्न पाहिलंत तर हे दुसरं घर तुम्हाला दिसणारच नाही. उत्पन्नाबरोबर भाड्याचा भारही मोजा.

उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंतचं भाडं परवडतं, असं सर्रास धरलं जातं. हा आकडा आभाळातून पडलेला नाही. अमेरिकेत 1969 साली सार्वजनिक घरांच्या भाड्याला उत्पन्नाच्या 25 टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि 1981 मध्ये ती 30 वर नेली. ज्याची कमाईच तुटपुंजी, त्याला 30 टक्केही झेपत नाहीत. म्हणून भाडं देऊन झाल्यावर हातात काय उरतं आणि त्यात खाणारी तोंडं किती, हे विचारा.

मला स्वतःला रुंद दार आणि आत प्राधान्याची रांग ही रचना पटते. अमेरिकेच्या आपत्कालीन भाडे साहाय्यात (कायदा डिसेंबर 2020चा) परिसरातल्या मध्यक उत्पन्नाच्या, म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या खाली कमावतात त्या आकड्याच्या, 80 टक्क्यांपर्यंतची कुटुंबं पात्र होती. प्राधान्य मात्र 50 टक्क्यांपर्यंतच्यांना आणि ज्या घरातलं कोणी 90 दिवस बेकार आहे त्यांना. उत्पन्नही मागच्या वर्षाचं किंवा अर्जाच्या वेळचं मासिक, यांपैकी कोणतंही धरता येई. मासिक धरलं, तर दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. नोकरी गेल्याच महिन्यात गेली असेल, तर गेल्या वर्षीच्या दाखल्यावर त्या माणसाला अपात्र ठरवणं हा अन्याय आहे.

प्रश्न: भाडेकरार नसलेले अर्ज आम्ही परत पाठवतो. नियमच तसा आहे, पण मन खातं.

मन खातंय ते बरोबरच आहे. नियम बदलून घ्या.

एकदा मी छाननीला बसले होते. टेबलापलीकडच्या बाईंनी पिशवीतून एक चौकटीची वही काढली. प्रत्येक पानावर महिना, रक्कम आणि घरमालकाची आडवीतिडवी सही. अशा चौदा सह्या, आणि शेवटची तीन पानं कोरी. आमच्या यादीत ‘भाडेकरार’ असं लिहिलं होतं, म्हणून अर्ज बाजूला गेला. ती यादी करणाऱ्यांत मीही होते. बाई कुठे राहतात, भाडं किती आणि ते कधीपासून थकलं, हे सगळं त्या वहीत होतं. आम्ही वही उघडली, पण वाचली नाही.

तेव्हापासून मी कागदांची यादी करत नाही, सिद्ध करायच्या गोष्टींची करते. अर्जदार इथे राहतो, भाडं देणं लागतो आणि त्याला ते झेपत नाही, एवढंच ठरवायचं असतं. प्रत्येक गोष्टीसाठी चार-पाच पुरावे मान्य करा, त्यातला कोणताही एक पुरेसा: वीजबिल, बँकेतली नोंद, घरमालकाची चिठ्ठी, भाड्याची वही. उत्पन्न पाहून दिलेल्या दुसऱ्या एखाद्या योजनेत कुटुंब आधीच पात्र ठरलं असेल, तर उत्पन्नाचा दाखला पुन्हा मागू नका. आणि काहीच नसेल तर स्वयंघोषणापत्र.

मग खोटे अर्ज येणार नाहीत का? काही येतील. अमेरिकेतल्या त्याच योजनेत निव्वळ लेखी घोषणेवर मदत देता येत होती, पण एका वेळी तीनच महिन्यांची, आणि त्या भागातल्या ठरवलेल्या बाजारभाड्याच्या मर्यादेत. धोका रकमेला आणि मुदतीला लगाम घालून आवरला, अर्जदाराला दारातच अडवून नाही. नंतर काही अर्ज नमुन्यादाखल तपासा. पोटभाडेकरू आणि एका खोलीत वाटून राहणारे याच मार्गाने आत येऊ शकतात. घर सुटायची टांगती तलवार बहुतेकदा त्यांच्याच डोक्यावर असते.

प्रश्न: पगार किंचित वाढला म्हणून एका कुटुंबाची सगळी मदत बंद झाली. असं होऊ नये म्हणून काय करता येईल?

मदत एकदम तोडू नका, उतरती ठेवा. समजा मर्यादा 100 आहे आणि मदत 20. कमाई 105 झाली की मदत शून्य, म्हणजे हातातले 120 घसरून 105 वर आले. पगारवाढीने कुटुंब गाळात गेलं. त्याऐवजी मर्यादेवरच्या दर 10 मागे मदत 4 ने कमी करा. 105 कमाईला मदत 18 राहील, हातात 123 येतील. ब्रिटनच्या हाउसिंग बेनिफिटमध्ये मर्यादेपलीकडच्या दर पाउंडामागे 65 पेन्स कापले जातात. माझ्या मते हा उतार फार तीव्र आहे, कारण त्याच कमाईवर कर आणि इतर योजनांची कपातही लागते.

प्रश्न: घरमालक सहकार्य करत नाही, फॉर्मवर सही देत नाही. अर्ज रद्द करायचा का?

नाही. घरमालकाच्या अडेलपणाची शिक्षा भाडेकरूला कशाला? मुदत घाला: पत्र पाठवून सात दिवस, किंवा पाच दिवसांत फोन-संदेशाचे तीन प्रयत्न. उत्तर आलं नाही तर पैसे थेट भाडेकरूच्या खात्यात. ही मुदतही अमेरिकेत प्रत्यक्ष वापरली गेली आहे.

प्रश्न: ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हे न्याय्य नाही का? आणि किमान एक वर्ष वास्तव्याची अट?

पहिल्याच्या बाबतीत, ज्याच्या हातात चांगला फोन आणि मोकळी दुपार, तो आधी पोचतो. दोन पाळ्यांत काम करणारी बाई पोचेपर्यंत निधी संपलेला असतो. ठरावीक दिवस अर्ज घ्या, मग गरजेप्रमाणे क्रम लावा, बरोबरीत सोडत काढा.

वर्षाची अट घालू नका. नव्याने आलेल्यांनाच आधाराची माणसं कमी असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये गरिबांच्या मदतीसाठीची एक वर्ष वास्तव्याची अट घटनाबाह्य ठरवली होती.

प्रश्न: नकाराच्या पत्रात काय लिहावं?

‘अपात्र’ एवढंच लिहून पाठवू नका. कोणता निकष बसला नाही, काय आणून दिलं तर बसेल, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाकडे, हे अर्जदाराच्या भाषेत लिहा. आणि अपील ऐकणारी व्यक्ती अर्ज नाकारणाऱ्या व्यक्तीपेक्षा वेगळी असू द्या.