बिबड्यांना अ‍ॅप नको, आधी वजनकाटा हवा

नमस्कार भाऊ,

तुमचं अमळनेरहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला ८९ टक्के होते, गणितही ठेवलंय. सराव परीक्षांत फिजिक्स कच्चं दिसतंय, केमिस्ट्री-बायॉलॉजी चांगलं. तिला खानदेशी पदार्थ करणाऱ्या बायकांसाठी अ‍ॅप काढायचंय आणि तुम्हाला तिला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायचंय, वेळ पडली तर शेताचा तुकडा विकून, मॅनेजमेंट कोट्यातून. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘चुलीजवळच बसायचं होतं तर एवढं शिकवलं कशाला?’

मार्कांकडे नंतर येते, कारण मी त्या वाक्यापाशीच अडले. त्याच पत्रात तुम्ही लिहिता की मुलीची आई घरीच असते, उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि नागलीचे पापड करून देते, सुरतकडचे नातेवाईक घेऊन जातात, थोडेफार पैसे सुटतात. कापूस एकरी किती क्विंटल आला ते तुम्ही लिहिलंत. बिबड्यांचे पैसे किती सुटले ते लिहिलं नाहीत, कारण बहुधा कोणी मोजलेच नाहीत. ज्वारी घरची, लाकूडफाटा घरचा आणि बाईची मेहनतही घरचीच, म्हणजे फुकट. ज्वारी भिजवायची, भरडायची, उजाडायच्या आत चुलीवर मोठ्या पातेल्यात तिचा घाटा, म्हणजे घट्टसर लापशी, हाटायचा, हात भाजत असताना ओल्या कापडावर एकेक बिबडा पातळ थापायचा, मग दिवसभर वाऱ्या-धुळीवर लक्ष ठेवायचं. मुलगी हे बघत मोठी झालीय. तिला त्यात काम दिसतं, तुम्हाला त्यात मुलीचं शिक्षण वाया गेलेलं दिसतं. भाऊ, मला तिच्या फिजिक्सपेक्षा याची काळजी जास्त वाटते. बापाला आईच्या कामाची लाज वाटते हे पोरीला कळतं, आणि मग ती एकतर हट्टाला पेटते नाहीतर गप्प होते. तुमची अजून हट्ट करतेय, हे चांगलं आहे.

आता तुमचा आणि तिचा, दोघांचाही एक गैरसमज. तुम्हाला वाटतं अ‍ॅप काढायचं तर कॉम्प्युटर इंजिनिअर व्हावं लागतं. तिला वाटतं अ‍ॅप निघालं की बायकांचा माल विकला जाईल. दोन्ही चूक. ऑर्डर घ्यायला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे, पैसे घ्यायला यूपीआय आहे. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. एकीच्या बिबड्यात जिरं जास्त, दुसरीचा जाड, तिसरीचा वरून कुरकुरीत पण आतून ओलसर. असा बिबडा पाकिटात बंद केला की पावसाळ्यात बुरशी धरतो. पदार्थातल्या मोकळ्या पाण्याचं एक माप असतं, त्याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, ते ०.६ च्या खाली असलं तर बुरशी वाढत नाही. तिथवर बिबडा दर वेळी कसा न्यायचा, ढगाळ दिवशी सोलर ड्रायर किती वेळ चालवायचा, हा केमिस्ट्री-बायॉलॉजीचा प्रश्न आहे आणि तुमच्या मुलीचे तेच विषय चांगले आहेत. लिज्जत पापड आठवा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. त्यांनी पीठ एका जागी मळायचं ठरवलं, बायकांनी ते घरी न्यायचं, लाटून आणायचं. म्हणून हजारो हातांचा पापड एका चवीचा राहिला. ही व्यवस्था बसवताना फोनची गरज पडली नव्हती.

शिवाय सगळंच पाकिटात जाणार नाही. भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण भरीत ताजंच खायचं. खापरावरची पुरणपोळी तर पोळपाटाशिवाय, हातावर वाढवत मोठी करायची. ती करता येणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत चालल्यात. तिथे तंत्रज्ञानाचा खरा उपयोग म्हणजे त्या हातांचं जवळून केलेलं चित्रीकरण आणि कणीक किती सैल असते याची नोंद, त्यांच्याच अहिराणीत.

रस्ता सोपा आहे. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यायची, फूड टेक्नॉलॉजीचे पर्याय भरायचे: जळगावला विद्यापीठाची केमिकल टेक्नॉलॉजी संस्था, परभणीचं कृषी विद्यापीठ, पुढे वाटलं तर म्हैसूरला सीएफटीआरआय ही अन्नतंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था.

बेटा, आता तुला. बिबड्यांचा हंगाम नेमका परीक्षांवर येतो. या वर्षी घाट्याकडे फिरकू नकोस, फिजिक्स काढ. सीईटी झाली की पाऊस यायच्या आत जेवढे दिवस मिळतील तेवढे आईजवळ आणि गल्लीतल्या तिच्या मैत्रिणींजवळ वजनकाटा घेऊन बस. ज्वारी किती, पाणी किती, मीठ-जिरं किती, किती तास ऊन, किती तुटले, सगळं वहीत लिही. प्रत्येकीचे तास लिही आणि गावात त्या दिवसाची निंदणीची मजुरी जी चालते ती त्या तासांना लाव. मगच भाव काढ. तो नातेवाइकांना महाग वाटेल, वाटू दे. आणि विकायला बाहेर काढायच्या आधी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, सरकारी नोंदणी आईच्या नावाने कर, तुझ्या नाही.

भाऊ, शेत विकू नका. ज्या विषयात मुलीचं मन नाही त्याच्या कोट्यासाठी तर मुळीच नाही.