मस्कतला एकच दिवस मोकळा आहे. एकटीने फिरता येईल का, की दिवसभराची गाडी ठरवावी?

येईल. गाडी ठरवू नका.

हा गाडीचा सल्ला तुम्हाला तिथे नोकरी करणाऱ्या कुणा नातेवाइकाने दिला असणार. माझ्या ताईचं बिऱ्हाड मस्कतच्या रुवी भागात आहे आणि भाऊजींची उमेदीची सगळी वर्षं मस्कतमध्ये गेली. तरी जुन्या मस्कतमध्ये कधी पायी हिंडलात का, विचारलं तर म्हणतात, तिकडे पार्किंग मिळत नाही.

सकाळचं आधी उरकते. सुलतान काबूस मशीद आपल्यासारख्या मुस्लिमेतरांना आठ ते अकरा उघडी असते, शुक्रवारी बंद. ती जुन्या शहरापासून लांब हमरस्त्यावर आहे, तेवढ्यापुरती अ‍ॅपवरून टॅक्सी करा. पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस आणि डोक्यावर नीट बसणारी ओढणी पुरते. आतला गालिचा 21 टनांचा आहे. इराणच्या 600 बायकांनी 4 वर्षं खपून विणलेला. बांधकामाचा वालुकाश्म भारतातून नेलेला. तास-दीड तासात बघून होते. फोटो काढत बसलात तर मत्रा, म्हणजे जुना बंदराचा भाग, हुकेल.

कारण मत्राचा बाजार, म्हणजे तिथला सूक, दुपारी एकच्या सुमारास बंद होतो तो चारपर्यंत. या मधल्या वेळेवरूनच आमचं वाजलं होतं. आदल्या रात्री जेवताना भाऊजी म्हणाले, "दुपारी मॉलला सोडतो तुला, एसी आहे. किल्ले काय बघायचेत? वसईत जन्म गेला तुझा, इथेही तेच पोर्तुगीज." ताई पोळ्या लाटत गप्प. मी म्हटलं, बरं. सकाळी मशिदीतून थेट मत्राला गेले आणि तिथून समुद्राच्या कडेने जुन्या मस्कतकडे चालायला लागले. तीनेक किलोमीटर असेल. डाव्या हाताला पाणी, उजवीकडे बोडके काळे डोंगर, वाटेत रियामच्या टेकडीवर भलंमोठं पांढरं धूपदान. फुटपाथ सलग आहे आणि कुणी हॉर्न मारत नाही.

जुनं मस्कत म्हणजे अल आलम राजवाडा आणि त्याच्या दोन बाजूंना खडकांवर चढून बसलेले जलाली आणि मिरानी हे किल्ले. दोन्ही 1580च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधून काढले. मी गेले तेव्हा आत सोडत नव्हते, बाहेरूनच बघितले. जलाली तर विसाव्या शतकात कित्येक वर्षं तुरुंग होता. राजवाड्याच्या मागे बंदरावर गेलात तर समोरच्या कातळावर पांढऱ्या रंगात जहाजांची नावं दिसतील. इथे नांगर टाकणाऱ्या जहाजांचे खलाशी ती रंगवून जायचे. मी एकेक नाव वाचत उभी होते. शेजारच्या शिवमंदिरातून एक म्हातारे कच्छी गृहस्थ बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "एकलां आव्यां छो?" वसईकर असल्याने गुजराती येतं. हो म्हटलं. ते नुसते "सारुं" म्हणाले आणि सावलीतली वाट दाखवून गेले. माझ्या एकटीने फिरण्यावर अख्ख्या मस्कतमध्ये झालेली चर्चा एवढीच. घरी जास्त झाली.

आणि "तेच पोर्तुगीज" म्हणाल तर, ओमानच्या इमाम सुलतान बिन सैफने त्यांना मस्कतमधून 1650 सालीच हाकललं. आमच्या वसईला त्यासाठी चिमाजी अप्पांची वाट बघावी लागली, 1739पर्यंत. मधे 1674 साली मस्कतचेच अरब वसईला उतरून तिथली चर्च लुटून गेले. हे सगळं माहीत असलेल्या बाईने जलाली बघायचा नाही तर काय फूड कोर्टात बसायचं?

चारनंतर उलट मत्राला या. कॉर्निशला, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याला, लागूनच लवातिया या शिया व्यापारी समाजाची तटबंदीतली वस्ती आहे. तिथे बाहेरच्यांना मज्जाव आहे, दारात उभं राहून आग्रह करू नका. सूकमध्ये ऊद (जाळायचं सुगंधी लाकूड), हलवा बघा. लोबान घ्यायचा तर दक्षिण ओमानातल्या ढोफारचा. पहिली सांगितलेली किंमत देणाऱ्यांचं मला काही म्हणायचं नाही.

सुरक्षिततेचं विचारलंत. विरार लोकल पकडणाऱ्या बाईने हा प्रश्न विचारू नये. 1970पर्यंत या शहराच्या वेशी रात्री बंद व्हायच्या आणि मग बाहेर पडलेल्याला हातात कंदील घ्यावा लागायचा. आता रात्री नवालाही कॉर्निशवर बायका पोरंबाळं घेऊन बसलेल्या असतात.

हां, मी गेले ती जानेवारीत. मे ते सप्टेंबर असेल तर माझं चालण्याचं वरचं सगळं रद्द समजा. मग दुपारी राजवाड्यासमोरच्या राष्ट्रीय संग्रहालयात बसा आणि संध्याकाळीच बाहेर पडा. रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर पाणीसुद्धा पिऊ नका. शुक्रवार टाळा. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते स्वतः तपासा. रुवी ते मत्रा लाल बस आहे, पण ती आपल्या वेळेने येते, म्हणून टॅक्सीसाठी सुट्टे रियाल जवळ ठेवा.

आणि नातेवाइकांना भेटायचंच असेल तर संध्याकाळी सातनंतर मत्रालाच बोलवा, चहाला. पार्किंगचं ते बघतील.