शेअर्ड होस्टिंगवर फॉर्मची स्क्रिप्ट ५०० एरर देते, काय तपासू?

तुम्ही लिहिलंय की फोंड्यातल्या देवस्थानच्या साइटचा जत्रेचा अभिषेक-नोंदणी फॉर्म नव्या होस्टिंगवर हलवल्यापासून ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ देतो आणि फोल्डरला ७७७ परवानगी (म्हणजे सगळ्यांना वाचायची, लिहायची, चालवायची मुभा) देऊनही फरक पडला नाही. ते ७७७ आधी काढा. बऱ्याच शेअर्ड सर्व्हरवर (जिथे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात) स्क्रिप्ट तुमच्याच खात्याच्या नावाने चालते आणि सगळ्यांना लिहायची मुभा असलेली फाइल सर्व्हर सुरक्षेसाठी चालवतच नाही, म्हणजे तोच उपाय नवी ५०० एरर देऊ शकतो. फोल्डर ७५५, पीएचपी फाइल (फॉर्मची स्क्रिप्ट) ६४४ ठेवा, म्हणजे लिहायची मुभा फक्त तुमच्या खात्याला राहते.

मग अंदाज न लावता एरर लॉग, म्हणजे सर्व्हरने टिपलेल्या चुकांची नोंद, उघडा. सीपॅनलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये) ‘एरर्स’ बघा, शिवाय स्क्रिप्टच्या फोल्डरमध्येही एरर लॉगची फाइल सापडते. लॉगमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवा, नाहीतर भलतीच ओळ वाचत बसाल.

डॉट एचटीअ‍ॅक्सेस (.htaccess, फोल्डरसाठी सर्व्हरला सूचना देणारी फाइल) यात ‘पीएचपी व्हॅल्यू’च्या (php_value) ओळी असतील तर माझा पहिला संशय त्यांच्यावर: पीएचपी अपाचे या वेब सर्व्हरचं मॉड्यूल म्हणून चालत नसेल तर त्या ५०० देतात. त्या डॉट एचटीअ‍ॅक्सेस फाइलचं नाव तात्पुरतं बदलून पान उघडून बघा.

फॉर्म जुना असेल तर स्क्रिप्टमध्ये ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ (mysql_connect, डेटाबेसला जोडणारी जुनी आज्ञा) शोधा. पीएचपी ७ मधून ते काढून टाकलंय, त्याऐवजी ‘मायएसक्यूएलआय’ (mysqli) वापरावं लागेल. जत्रा तोंडावर असेल तर तात्पुरती पीएचपी ५.६ निवडता येते का पाहा, पण ती जुनी, सुरक्षा अपडेट न मिळणारी आवृत्ती आहे, म्हणून भाविकांचे फोन नंबर त्यावर फार दिवस ठेवू नका.