अंत्युखियातली एक शपथ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे टिपण वाचले. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि तेव्हापासून ज्यू व ख्रिस्ती यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या, असे तू पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहेस. इथे तू फार घाई केलीस. सुंतेवरून पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल याचे जेरुसलेमच्या काही मंडळींशी खटके उडाले ते मंदिर उभे असतानाच, आणि तो वाद घरातला होता. दोन्हीकडचे पुढारी ज्यूच होते.

म्हणून चौथ्या शतकातला ख्रिस्ती प्रवचनकार जॉन क्रिसोस्टोम याची प्रवचने मुळातून वाच. ईस्टरसाठी ज्यूंच्या कालगणनेवर विसंबायचे नाही, असे ३२५ साली नायसियाच्या बिशपांच्या परिषदेत ठरून गेले होते. तरीही ३८६ साली सिरियातल्या अंत्युखिया शहरात, नुकतीच धर्मगुरूची दीक्षा मिळालेला हा वक्ता आपल्याच लोकांवर संतापलेला दिसतो, कारण ते ज्यूंचे उपास धरतात आणि नववर्षाची शिंगे ऐकायला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, जातात. पहिल्याच प्रवचनात तो तीन दिवसांपूर्वीचा प्रसंग सांगतो. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारा एक माणूस एका कुलीन ख्रिस्ती बाईला, कसल्याशा व्यवहाराच्या वादात शपथ घ्यायला लावण्यासाठी, बळेच सिनेगॉगकडे नेत होता. क्रिसोस्टोमने तिला सोडवले आणि चर्च सोडून तिकडेच का, असे त्या माणसाला विचारले. तिथल्या शपथेचा धाक जास्त असतो असे पुष्कळांनी सांगितले, हे त्याचे उत्तर होते.

या उत्तरापाशी थांब. लोक खरोखर दुरावले असते, तर एवढे ओरडण्याची गरजच पडली नसती. त्याची ज्यूंविषयीची भाषा मात्र विखारी आहे, आणि पुढच्या शतकांत ज्यूद्वेष्ट्यांनी ती हत्यारासारखी वापरली. हे वाचताना मला आजही क्लेश होतात, आणि ते तू सौम्य करून लिहू नयेस असे मला मनापासून वाटते. पण प्रवचनकाराचा राग म्हणजे गल्लीतल्या शेजाऱ्यांचे वैर, असे समीकरण मांडू नकोस.

शब्दांना सत्तेचे बळ मिळाले तेव्हा काय झाले, यासाठी ३८८ सालचे कॅलिनिकम पाहा. युफ्रेटीसकाठच्या त्या गावात ख्रिस्ती जमावाने सिनेगॉग जाळले. बिशपने ते बांधून द्यावे असा रोमन सम्राट थिओडोसियसचा हुकूम होता, पण मिलानचा बिशप अँब्रोझ याने दडपण आणून तो मागे घ्यायला लावला. तुझ्या टिपणात याला एकच ओळ मिळाली आहे. किमान एक पान दे.

पुढच्या खेपेला येताना ते पहिले प्रवचन सोबत आण. शपथेचा प्रसंग आपण ओळीने एकत्र वाचू.

तुझा शिक्षक