पाठ असलेला विनोद आणि पहिल्यांदा ऐकलेला

तुम्ही विचारलंय: "ओटीटीवर स्टँड-अप स्पेशल्स भरपूर बघते. बाबा म्हणतात, यात नवीन काय, पु.लं.नी हे साठ वर्षांपूर्वीच केलंय. एकपात्री आणि स्टँड-अप खरंच एकच आहे का? एकपात्री कधी पाहिलेलं नाही, सुरुवात कुठून करू?"

एकच नाही. पण लोक साधारण जो फरक सांगतात, तोही मला पटत नाही. एकपात्रीत नट अनेक माणसं उभी करतो आणि स्टँड-अपवाला स्वतः म्हणूनच माइकसमोर बोलतो, असं म्हणतात. हे दोन्हीकडून फसतं.

अमेरिकी विनोदवीर रिचर्ड प्रायरचा १९७९ सालचा 'लाइव्ह इन कॉन्सर्ट' बघा. एक माणूस, एक माइक, सव्वा तास. पूर्ण लांबीचा स्टँड-अप चित्रपट म्हणून आधी त्याचंच नाव घेतात. त्यात तो स्वतःला आलेला हृदयविकाराचा झटका करून दाखवतो. हृदय त्याला दरडावतं, श्वास घेऊ नकोस म्हणतं. तो गयावया करतो, त्याची मूठ त्याच्याच छातीवर आपटते, गुडघे टेकतात आणि शेवटी तो रंगमंचावर आडवा होतो. दोन आवाज, दोन स्वभाव, शरीर एकच. याला एकपात्री म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

उलट बाजूने शिरीष कणेकर घ्या. 'माझी फिल्लमबाजी'मध्ये ना गोष्ट होती ना पात्रं. एक पत्रकार उभा राहून हिंदी सिनेमाबद्दलचं आपलं वेड, आपला राग, आपलं प्रेम सांगायचा आणि लोक हसून हसून बेजार व्हायचे. 'फटकेबाजी'त तेच क्रिकेटबद्दल. ते स्टँड-अपच होतं, फक्त मराठीत त्याला तो शब्द सहसा कुणी लावला नाही. तेव्हा बाबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

माझ्या मते खरा फरक वेगळा आहे. विनोद लोकांना माहीत झाल्यावर त्याचं काय होतं, तिथे दोघांच्या वाटा फुटतात.

मी मराठवाड्यातला. चौथीत असताना आमच्या गावात शाळेच्या मैदानावर 'वऱ्हाड निघालंय लंडनला' लागलं होतं. मराठवाड्यातल्या एका खेड्यातली मंडळी लग्नाचं वऱ्हाड घेऊन विमानाने लंडनला निघतात, एवढीच गोष्ट, आणि त्यातली ५२ पात्रं लक्ष्मण देशपांडे एकटे करायचे. आमच्या पुढच्या रांगेत एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्या घरी या प्रयोगाची कॅसेट होती. देशपांडे मान वळवायचे आणि पुढचं पात्र तोंड उघडायच्या आधीच मावशींच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडायचं. आणि त्या आधीच हसायला लागायच्या. विनोद यायच्या आत हसू. मला तेव्हा वाटलं, यांची मजा गेली. घरी येताना वडिलांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "अरे, तिची तर दुप्पट झाली." ते कोड्यासारखं डोक्यात राहिलं, कळायला पुष्कळ वर्षं लागली.

त्या मावशी आश्चर्यासाठी आल्याच नव्हत्या. ते वाक्य या माणसाच्या तोंडून, आज, आपल्या गावात कसं येतं ते ऐकायला आल्या होत्या. मैफलीत ओळखीच्या बंदिशीची सम गाठली की 'वा' निघते, त्या जातीचं ते हसू. मराठवाड्याच्या बोलीतला हेल, एका पात्रातून दुसऱ्यात जाताना बदलणारा खांदा, कंबरेवरचा हात, हे पाठ झालं म्हणून शिळं होत नाही. देशपांडे औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हा प्रयोग सुरू केला आणि २००९ मध्ये ते गेले. मधल्या तीन दशकांत तोच प्रयोग करत राहिले, आणि लोक पुन्हा पुन्हा येत राहिले. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाचंही तसंच. शंकर पाटलांच्या 'धिंड' कथेचा शेवट कुणाला माहीत नव्हता?

आता याच्या शेजारी अमेरिकी विनोदवीर जेरी साइनफेल्ड ठेवा. १९९८ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एक स्पेशल केला. 'हे आता शेवटचंच सांगतोय' अशा अर्थाचं त्याचं नाव होतं. सुरुवातीलाच त्याच्या विनोदांचा अंत्यविधी दाखवला आहे आणि दुसरे विनोदवीर दुखवट्याला जमले आहेत. वर्षानुवर्षं पोटाला देणारा मजकूर तो त्या रात्री मोडीत काढत होता. त्याच्याच देशातल्या जॉर्ज कार्लिन या विनोदवीराने तर याची शिस्तच करून टाकली. १९७७ ते २००८ या काळात एचबीओ या टीव्ही वाहिनीवर त्याचे १४ स्पेशल्स आले. एक चित्रित झाला की तो मजकूर बाजूला आणि पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात. आज जगभरचे कॉमिक ज्या नियमाने चालतात तो बराचसा इथून आला. तुम्ही ओटीटीवर जो तास बघता, तो त्या मजकुराचा सहसा शेवटचा मोठा प्रयोग असतो. नाटकाच्या भाषेत सांगायचं तर शुभारंभ आणि समारोप एकाच रात्री.

हे मी पुण्यात डोळ्यांनी पाहिलं आहे. एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर ओपन माइक होतं, म्हणजे कुणीही उभं राहून आपला विनोद आजमावायची जागा, तिथे मी काही महिने नियमाने जात होतो. एक मुलगा आईचा आणि गॅस सिलिंडरचा पाच मिनिटांचा सेट करायचा. पहिल्यांदा त्याने सगळं सांगितलं: आई सिलिंडर कसा हलवते, कान कसा लावते, किती दिवस पुरेल ते कसं सांगते. हशा बेताचाच. महिनाभराने अर्धी वाक्यं गेली होती. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तो काहीच बोलला नाही. वाकला, हवेतला सिलिंडर दोन्ही हातांनी तिरका केला, डोळे मिटले आणि म्हणाला, "गुरुवार." खोली फुटली. दर वेळी खाली उतरला की फोनवरचं रेकॉर्डिंग लावून कुठे हशा पडला आणि कुठे लोक गप्प होते, ते वहीत लिहायचा. पुढे त्याने तो सेट इंटरनेटवर टाकला. त्यानंतरच्या आठवड्यात तो वाकल्याबरोबर मागून कुणीतरी ओरडलं, "गुरुवार!" हेच तर आमच्या पुढच्या रांगेतल्या मावशी करत होत्या. पण इथे त्याचा सेट तिथेच संपला. मला फार वाईट वाटलं, कारण त्या एका शब्दामागची मेहनत मी पाहिली होती.

म्हणून कुणी म्हणतं की एकपात्रीवाले तेच तेच करत राहिले आणि खरी सर्जनशीलता स्टँड-अपमध्ये आहे, तेव्हा मला राग येतो. तसाच "आजची पोरं नुसती माइक धरून बडबडतात" म्हणणाऱ्यांचाही येतो. एकाने विनोद मुरवायचा, दुसऱ्याने खर्चून टाकायचा. दोन्हीला सारखीच तालीम लागते.

दोघांची एक जुनी मुळी मात्र एकच दिसते. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात, उत्तररंगात आख्यान लावतात, हसवतात, रडवतात आणि अगदी शेवटी मूळ अभंगावर येतात. सुरुवातीला ऐकलेली ओळ तेव्हा वेगळीच ऐकू येते. कॉमिक लोक ज्याला 'कॉलबॅक' म्हणतात तो हाच. पहिल्या पाच मिनिटांत सोडून दिलेलं वाक्य पन्नासाव्या मिनिटाला परत येतं आणि सगळा तास बांधला जातो. पुढचा स्पेशल बघताना याकडे लक्ष ठेवा.

आणखी एक. ऑस्ट्रेलियातल्या हॅना गॅड्सबीचा 'नॅनेट' हा स्टँड-अप स्पेशल २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. आपण निर्माण केलेला ताण आता हसवून मोकळा करणार नाही, असं ती त्यात प्रेक्षकांना सरळ सांगते आणि शेवटचा भाग हशाशिवाय नेते. असं कधी झालंच नव्हतं, अशी तेव्हा खूप चर्चा झाली. तिने स्वतःवर झालेला अत्याचार सांगितला, ते धैर्य तिचंच आहे. पण हसवता हसवता हात काढून घेणं मला ओळखीचं होतं. पु.लं.ची 'बटाट्याची चाळ' १९६१ मध्ये एकपात्री म्हणून रंगमंचावर आली. त्रिलोकेकर, सोमण गुरुजी, कोचरेकर मास्तर यांनी पोट दुखेपर्यंत हसवल्यावर शेवटच्या चिंतनात चाळ बोलू लागते. तिथे हसू आपोआप थांबतं आणि घशात काहीतरी अडकतं.

तेव्हा सुरुवात 'चाळी'पासून करा, पण एकटीने हेडफोन लावून नको. पु.लं.चं ध्वनिमुद्रण लावा आणि बाबांना शेजारी बसवा. त्यांना पुढची वाक्यं पाठ असतील, त्यांना ती म्हणू द्या, थांबवू नका. मग प्रायर बघा, त्या हृदयाच्या प्रसंगासाठी. आणि 'वऱ्हाड' नाट्यगृहातच पाहा. देशपांडे यांच्यानंतर संदीप पाठक ते करतात. तुमच्या गावात प्रयोग लागला तर तिकीट पुढचं नको, मागच्या रांगेचं काढा. तिथून रंगमंच थोडा लांब पडतो, पण समोर चारपाचशे लोकांच्या पाठी दिसतात, आणि नट मान वळवतो तेव्हा वाक्य यायच्या आधीच त्यातल्या कुठल्या हलायला लागतात तेही दिसतं.