विल्यम्स आणि बार्टलेट या नाशपातीच्या दोन वेगळ्या जाती आहेत का? परागीभवनासाठी दोन्ही लावू का?

नका लावू. जात एकच आहे, नावं दोन. एकाच झाडाची दोन कलमं शेजारी उभी केल्यासारखं होईल. जोडीला बॉस्क, कॉमिस किंवा अंजू यांपैकी नाशपातीची दुसरी जात लावा. सेकेल मात्र नको, तिचं आणि बार्टलेटचं परागीभवनात जमत नाही.

नावांचा घोळ जुना आहे. इंग्लंडात बर्कशायरमधल्या आल्डरमॅस्टनला १७७०च्या सुमारास स्टेअर नावाच्या शाळामास्तरांकडे हे झाड होतं. टर्नहॅम ग्रीनच्या विल्यम्स नावाच्या रोपवाटिकावाल्यानं त्याची कलमं पसरवली, म्हणून ते विल्यम्स. पुढे झाडं अमेरिकेत गेली, पण नाव काही सोबत गेलं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या डॉर्चेस्टरला एनॉक बार्टलेट यांनी एक वाडी घेतली, तिथे ही झाडं आधीच होती. जात कोणती ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी सरळ आपल्या नावानं ती वाटली! चूक १८२८च्या सुमारास उघड झाली, तोवर नाव रुळलं होतं.

फळ घंटेच्या आकाराचं, साल पातळ, पिकताना हिरव्याची पिवळी होते. गर लोण्यासारखा, रस मनगटापर्यंत ओघळतो. वास इतका ओळखीचा की 'नाशपातीचा वास' म्हटलं की बहुतेकांच्या नाकात हाच येतो.

आता खरी मेख. हे फळ झाडावर पिकू द्यायचं नसतं. ते आतून बाहेर पिकतं, त्यामुळे वरून छान दिसेपर्यंत गाभा तपकिरी आणि पिठूळ झालेला असतो. पहिल्या वर्षी मी झाडावर पिवळं होण्याची वाट पाहत बसलो आणि अर्धी फळं फेकून दिली. हिरवं, टणक असतानाच फळ हातात धरून आडवं करा. देठ फांदीपासून सहज सुटला तर काढायची वेळ झाली. मग घरात ठेवा. पिकलं का ते पोटाला दाबून नाही, देठाजवळ मानेला हलकं दाबून पाहायचं.

रोगाचं म्हणाल तर फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाला ही जात लवकर बळी पडते, शेंडे जळल्यासारखे काळे होतात. आणि रोप घेताना खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलंय ते, विचारा: क्विन्स या नाशपातीच्या नात्यातल्या फळझाडाच्या खुंटावर बार्टलेटचं थेट कलम नीट जुळत नाही, मध्ये नाशपातीच्या दुसऱ्या जातीच्या फांदीचा तुकडा घालावा लागतो.