किमोचे ‘दुष्परिणाम’ म्हणावेत का?

प्रश्न असा आहे: किमोमुळे, म्हणजे कर्करोगावरच्या केमोथेरपीच्या औषधांमुळे, केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी कमी होतात. याला ‘दुष्परिणाम’ म्हणणं बरोबर आहे का?

व्याकरणानं बरोबरच. दुस् + परिणाम, घडण निर्दोष आणि शब्द सगळ्यांना कळणारा. माझी अडचण त्यातल्या ‘दुस्’ची आहे. माझ्या मावशीला दुसऱ्या किमोनंतर तोंड आलं, पाण्याचा घोटही झोंबायचा. ती म्हणाली, “औषध उष्ण पडलं गं, बाधलं मला.” आता बाधणं म्हणजे न मानवणं, आणि जे बाधतं ते आपण सोडून देतो. पुढची किमो नकोच, असा हट्ट तिनं धरला तो या एका क्रियापदापायी.

औषध बाधलं नव्हतं, ते आपलं कामच करत होतं. किमोची बरीचशी औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींना गाठतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण तोंडाचं नि आतड्याचं अस्तर, हाडांमधला मगज आणि केसांची मुळंही तशीच. डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही दिवशी वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून पुंजकेच्या पुंजके उशीवर दिसतात. औषध गाठीत जे करतं तेच इथे करतं. त्यामुळे ‘साइड इफेक्ट’मधलं ‘साइड’सुद्धा मला पटत नाही.

‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ ही म्हण इथे हमखास निघते. ती रेडिएशनला चपखल बसते, ज्याला पेशंट ‘लाइट घेणं’ म्हणतात. छातीला लाइट दिली तर तिथली कातडी काळवंडते, अन्ननलिकेला झळ लागते, डोक्यावरचे केस मात्र राहतात. तिथे शेजार भोवतो, आणि त्याला ‘झळ’ हा आपला शब्द पुरतो. किमो रक्तातून सगळीकडे फिरते. तिथे शेजार नाही, साम्य भोवतं.

म्हणून माझं मत: जे भरून येतं त्याला ‘सोबतचा त्रास’ म्हणावं. ‘दुष्परिणाम’ राखून ठेवावा तो डॉक्सोरुबिसिन या किमोच्या औषधानं हृदय दुबळं होणं, सिस्प्लॅटिन या दुसऱ्या औषधानं ऐकू कमी येणं अशा, कायम राहू शकणाऱ्या हानीसाठी. तिथे तो शब्द पूर्ण वजनानं वापरावा, झाकू नये.

मावशीला ‘सोबतचा त्रास’ म्हटल्यावर तिनं लगेच विचारलं, “मग किती दिवस सोबत?”

तोंडाचं सांगायचं तर साधारण दोन ते तीन आठवडे.